आधी हात वर, मग पुढची स्लाईड

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. पुढे ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, म्हणजे एका खेपेला २५ लाख लिटर. पाण्याच्या नियोजनावर शिक्षकांपुढे बोलताना ही सगळी माहिती माझ्या पीपीटीत एकाच स्लाईडवर असायची. पाच ओळी आणि उजवीकडे त्या ‘जलदूत’ गाडीचा फोटो. मी ओळी वाचायचो, समोरचे माना डोलवायचे आणि पुढची स्लाईड यायची. संध्याकाळी विचारलं तर फोटो सगळ्यांना आठवायचा, आकडा कुणालाच नाही.

मग मी ती स्लाईड मोडली. आता पडद्यावर एवढंच येतं: गाडीत २५ लाख लिटर पाणी. लातूर शहराची लोकसंख्या, २०११ च्या जनगणनेप्रमाणे, सुमारे ३ लाख ८३ हजार. माणशी किती लिटर? खाली चार पर्याय: साडेसहा, वीस, पासष्ट, एकशे चाळीस. मी काहीच बोलत नाही. लोक वहीच्या कोपऱ्यात भागाकार मांडतात, शेजारच्याकडे वळतात, कुणी मोबाइलवर आकडे टाकतं. सगळ्यांची उत्तरं आली की पुढची स्लाईड: साडेसहा लिटर. एक हंडासुद्धा भरत नाही. त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेलं कुणी ना कुणी समोर असतंच. ते मग आपणहून बोलायला लागतं आणि पुढची दहा मिनिटं मला बोलावं लागत नाही.

माहिती तीच होती. फरक एवढाच की ऐकणाऱ्याला आता उत्तर कळण्याआधी स्वतःचं एक उत्तर ठरवावं लागलं. चुकलेलं का असेना, एकदा ते ठरलं की खरं उत्तर ऐकायला माणूस पुढे सरकून बसतो. पीपीटी बोलती करायची म्हणजे एवढंच करायचं असतं. त्यासाठी आज डझनभर सॉफ्टवेअर मिळतात आणि बरीचशी फुकट आहेत. मात्र कुठल्या सभागृहात कुठलं चालेल, याचा विचार पुण्या-मुंबईच्या माणसापेक्षा नांदेड-लातूरच्या माणसाला जास्त करावा लागतो. आपल्याकडे रेंज, लाईट आणि समोरच्याच्या हातातला फोन, या तिन्हींचा भरवसा दर गावाला वेगळा. म्हणून साधनांची ओळख मी इथे त्यांच्या नावांच्या क्रमानं नाही, तर तुमच्यासमोर कोण बसलंय त्या क्रमानं करून देतो.

त्याआधी एक गोष्ट. प्रश्नांशी आपल्या भागाचं नातं जुनं आहे. राजर्षी शाहू महाविद्यालयापासून ज्याची ख्याती झाली त्या लातूर पॅटर्नचा गाभाच मुळी चाचण्यांवर चाचण्या आणि चुकलेलं उत्तर पुन्हा सोडवून घेणं हा होता. वर्गात इतके प्रश्न विचारणारे आपण प्रोजेक्टर लागला की मात्र वाचक होऊन जातो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत, गटसाधन केंद्राच्या प्रशिक्षणात, बचत गटाच्या मेळाव्यात, कृषी सहायकांच्या सभेत हेच दिसतं. पडद्याकडे तोंड, लोकांकडे पाठ. दोष बोलणाऱ्याचा नाही, कारण स्लाईड बनवतानाच ती वाचायला बनवलेली असते. पॉवरपॉइंट १९८७ मध्ये बाजारात आलं ते कार्यालयातल्या बैठकांसाठी. ठळक मुद्दे एकाखाली एक लिहायची सवय आपण तिथूनच उचलली.

वर्गासाठीची रीत दुसरीकडे तयार झाली. हार्वर्ड विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारे एरिक माझुर यांनी १९९१ मध्ये व्याख्यानाची पद्धत बदलली. थोडं शिकवायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर द्यायचं, मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. पहिल्या फेरीत बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील तर चर्चा रंगते. तीसच्या खाली असतील तर विषयच कळलेला नसतो, पुन्हा समजावून सांगावा लागतो. सत्तरच्या वर गेली की दोन वाक्यांत आटपून पुढे जायचं. या दोन आकड्यांवर मी माझ्या सगळ्या स्लाईडा पारखतो. ज्या प्रश्नाला सगळे बरोबर उत्तर देतात तो प्रश्न मी काढून टाकतो.

आता पहिली परिस्थिती. समोर महाविद्यालयातली मुलं किंवा प्राध्यापक आहेत, प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आहे आणि रेंज बरी आहे. विष्णुपुरीच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा लातूरच्या त्याच्या उपपरिसरात चर्चासत्र असलं की नांदेड, लातूर, परभणी, हिंगोली अशा चारही जिल्ह्यांतून लोक येतात. एकमेकांना न ओळखणाऱ्या अशा माणसांसाठी मेंटीमीटर आणि स्लायडो ही दोन साधनं चांगली. पडद्यावर क्यूआर कोड किंवा आकडी कोड येतो, लोक तो आपल्या फोनमध्ये उघडतात आणि उत्तर देतात, पडद्यावर स्तंभ वर चढू लागतात. फोनवर काही उतरवून घ्यावं लागत नाही आणि नावही द्यावं लागत नाही. हात वर करायला कचरणारा माणूस इथे बिनधास्त उत्तर देतो. दोन्ही साधनं पॉवरपॉइंटला जोडता येतात, त्यामुळे मध्येच ब्राउझर उघडायची धावपळ होत नाही. मोफत खात्यात प्रश्नांच्या किंवा सहभागींच्या संख्येवर मर्यादा असते. कार्यक्रमाला किती लोक येणार हे कळलं की आदल्या दिवशी ती बघून घ्या.

यात दोन गोष्टी पाळाच. सगळ्यांची उत्तरं येईपर्यंत निकाल झाकून ठेवा, दोन्हींत तशी सोय आहे. स्तंभ उघडे ठेवले की तिसऱ्या मिनिटाला सगळे उंच स्तंभाच्या मागे धावतात आणि तुम्हाला लोकांचं मत कळतच नाही. दुसरी गोष्ट, कोड मोठा ठेवा. पडद्याच्या चौथ्या हिश्शाएवढा, पांढऱ्या पार्श्वभूमीवर. दुपारी खिडक्यांतून ऊन येत असेल आणि प्रोजेक्टर जुना असेल तर शेवटच्या बाकावरचा फोन तो कोड पकडत नाही. अशा वेळी कोडाच्या दहा-बारा छापील प्रती बाकांवर ठेवलेल्या असल्या की काम थांबत नाही.

एका महाविद्यालयात माझा अनुभव असा की शंभरावर मुलांनी एकाच क्षणी कोड स्कॅन केला आणि त्या इमारतीतलं नेट बसलं. सगळ्यांच्या फोनवर चक्र फिरत राहिलं आणि पाच-सहा मिनिटं गेली. तेव्हापासून मी तीन जणांत एकच फोन ठेवायला सांगतो. भार तिप्पट कमी होतो, आणि त्याहून मोठा फायदा असा की एक उत्तर देण्यासाठी तिघांना आपसांत बोलावं लागतं. माझुर यांच्या पद्धतीतली शेजाऱ्याशी चर्चा अशी आपोआप घडते.

पैसे न खर्चता आणि मर्यादेची काळजी न करता हेच करायचं असेल तर गुगल फॉर्म घ्या. एक प्रश्न, चार पर्याय. फॉर्मची लिंक क्रोममध्ये उघडली की तिथेच तिचा क्यूआर कोड तयार होतो, तो स्लाईडवर चिकटवा. उत्तरं येऊ लागली की ‘रिस्पॉन्सेस’ या भागात गोल आलेख आपोआप बनतो. तो पडद्यावर दाखवा. दिसायला मेंटीमीटरइतका देखणा नाही, पण शेवटी सगळी उत्तरं तक्त्यात तुमच्या हाती राहतात. फॉर्मच्या सेटिंगमध्ये ‘एका व्यक्तीचं एकच उत्तर’ हा पर्याय मात्र बंद ठेवा, नाहीतर प्रत्येकाकडे गुगलचं लॉगिन मागितलं जातं आणि निम्मे लोक तिथेच अडकतात.

कहूट हा खेळ नॉर्वेतून आला. २०१३ पासून तो चालू आहे आणि मुलांना तो फार आवडतो. मला त्यातली एक गोष्ट खटकते. लवकर उत्तर दिलं की जास्त गुण. मराठी पर्याय वाचायला, त्यातही जोडाक्षरांनी भरलेले, वेळ लागतो. हळू वाचणारं पण विचार करणारं पोर त्यात मागे पडतं आणि दोन फेऱ्यांनंतर फोन खाली ठेवतं. प्रत्येक प्रश्नाचा वेळ वाढवा आणि गुण बंद करा, दोन्ही त्यात करता येतं. मग तो वर्गात न्यायला हरकत नाही.

मराठीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडं थांबतो, कारण ही साधनं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून बनलेली आहेत आणि आपली अडचण तिथेच होते. शब्दांचा ढग ही मेंटीमीटरची लोकप्रिय सोय आहे. जो शब्द जास्त जणांनी दिला तो पडद्यावर मोठा दिसतो. ‘तुमच्या गावातला सगळ्यात मोठा प्रश्न कोणता?’ असं मी एकदा विचारलं. पडद्यावर काय आलं बघा: पाणी, पाण्याचा, पाण्याची टंचाई, पाणि, पाणीप्रश्न, आणि रोमन लिपीत लिहिलेलं पाणी दोन-तीन तऱ्हांनी. साठातल्या निम्म्या लोकांनी पाणीच लिहिलं होतं, पण पडद्यावर सगळ्यात मोठा शब्द दिसला रस्ता. कारण रस्ता सगळ्यांनी एकाच रूपात लिहिला होता. विभक्ती लागली की मराठी शब्दाचं रूप बदलतं, आणि यंत्राला पाणी व पाण्याचा हे दोन वेगळे शब्द वाटतात. तेव्हापासून ढगाचा प्रश्न विचारताना मी खाली लिहितो: एकच शब्द, मूळ रूपात, उदाहरणार्थ पाणी, रस्ता, वीज. ज्या सभेत मराठी टाइप करणं अवघड जाणारे लोक जास्त असतील तिथे ढग सोडून सरळ पर्याय द्या. नाहीतर फोनच्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोलायला सांगा. मराठी बोललेलं तो चांगलं उतरवतो.

फॉन्टचंही असंच. श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर तुम्ही मेंटीमीटरमध्ये किंवा गुगल फॉर्ममध्ये चिकटवला की इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी दिसते. इथे युनिकोडच लागतो. जुनी टिपणं असतील तर आधी ती युनिकोडमध्ये बदलून घ्या. स्लाईडसाठी मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेनं केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरतो, तो मोफत मिळतो आणि लांबूनही मात्रा-वेलांट्या स्वच्छ दिसतात. मराठी वळणाचा ल आणि श हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या. प्राथमिक शाळेत हे महत्त्वाचं आहे, कारण पहिलीतल्या मुलानं पुस्तकात पाहिलेला ल आणि पडद्यावरचा ल वेगळा दिसला तर ते अडखळतं. आणि दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पीपीटी चालवायची असेल तर फाइल, ऑप्शन्स, सेव्ह या वाटेनं जाऊन फॉन्ट फाइलमध्येच बसवायची खूण करा. ही एक खूण न केल्यामुळे किती कार्यक्रमांत पहिल्या स्लाईडवर चौकोन दिसले असतील.

आता दुसरी परिस्थिती, आणि माझ्या मते ती आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची आहे. जिल्हा परिषदेची शाळा. समोर चाळीस मुलं, एकाच्याही हातात फोन नाही. शिक्षकाकडे एक स्मार्टफोन, वर्गात एक टीव्ही किंवा प्रोजेक्टर. इथे प्लिकर्ससारखं दुसरं साधन मी पाहिलेलं नाही. त्याच्या संकेतस्थळावरून कार्डं फुकट छापून घेता येतात. प्रत्येक कार्डावर एक वेगळी काळी-पांढरी चौकोनी आकृती असते आणि तिच्या चार बाजूंना चार पर्यायांची बारीक अक्षरं. ज्या पर्यायाचं अक्षर वर येईल तसं कार्ड धरायचं, म्हणजे ते उत्तर. तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून डावीकडून उजवीकडे हळूच फिरवता आणि दहा-पंधरा सेकंदांत चाळीस उत्तरं फोनमध्ये. नेट लागतं ते फक्त तुमच्या फोनला आणि पडद्याला जोडलेल्या लॅपटॉपला.

प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजारच्याचं बघून उत्तर धरता येत नाही. अक्षरंही इतकी बारीक की मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत. हजेरीपटाचा क्रमांक तोच कार्डाचा क्रमांक ठेवला की कुणाचं काय चुकलं ते फोनवर नावानिशी दिसतं. पडद्यावर मात्र नावं दाखवू नका, फक्त आलेख दाखवा. चुकल्याची लाज एकदा वाटली की मूल पुढच्या वेळी मित्राला विचारूनच कार्ड वळवतं.

कार्डं करताना जाड पुठ्ठ्यावर छापा किंवा चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन करू नका, त्यावर उजेड चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृती दिसत नाही. मुलांना पहिल्या दिवशी एवढंच शिकवा की बोटं काळ्या भागावर येऊ द्यायची नाहीत आणि कार्ड छातीसमोर सरळ धरायचं. सरावासाठी पहिला प्रश्न अभ्यासाचा नको. मी विचारतो, आज सकाळी काय खाल्लं? भाकरी, पोहे, सुशीला, की काहीच नाही? पोरं खुशीत कार्डं फिरवतात. पण एका शाळेत हा प्रश्न विचारला तेव्हा आमच्या फोनवर चौथ्या पर्यायाची पाच कार्डं दिसली. तिथल्या बाईंनी ती नावं पाहिली, कुणाला काही म्हणाल्या नाहीत, आणि त्या दिवशी खिचडी शिजल्यावर त्या मुलांच्या पंगतीत स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. हात वर करायला सांगितलं असतं तर त्या पाचांतल्या एकानंही हात वर केला नसता.

खेड्यातल्या शाळेतून असं काही होऊ शकतं यावर ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातलं परितेवाडी आठवावं. तिथे शिक्षक असताना रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पुढे राज्याच्या पुस्तकांतही ते आले आणि २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. ती शाळा जिल्हा परिषदेचीच.

तिसरी परिस्थिती म्हणजे नेटच नाही. शेतकऱ्यांची सभा मारुतीच्या मंदिरात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत, फोनची रेंज झाडाखाली गेल्यावर येते. इथे वेगळ्या सॉफ्टवेअरची गरजच नाही. तुमच्या लॅपटॉपमधलं पॉवरपॉइंट पुरेसं आहे. त्यातल्या लिंक आणि झूम या दोन सोयींनी स्लाईडा एकामागून एक न येता लोकांच्या उत्तराप्रमाणे वळतात.

सोयाबीनचं उदाहरण घेतो. पहिली स्लाईड: जूनचा दुसरा आठवडा. काल रात्री २५ मिलिमीटर पाऊस पडला. शेजाऱ्यानं आज तिफण जुंपली. तुम्ही काय करणार? खाली तीन मोठे चौकोन: आजच पेरणार, निम्मं रान पेरणार, थांबणार. लोक ठरवतात, आवाज वाढतो, बहुमत ज्या बाजूला त्या चौकोनावर तुम्ही क्लिक करता. आजच पेरणारवर क्लिक केलं की पुढची स्लाईड बारा दिवसांनंतरची: पावसानं ओढ दिली आहे, कोंब वर आले पण माना टाकल्या आहेत, दुबार पेरणीचं बियाणं आणि खत मिळून एकरी किती रुपये? तो आकडा तुम्ही सांगू नका, सभेतल्या माणसालाच सांगू द्या. गेल्या दोन-तीन वर्षांत दुबार पेरणी केलेला कुणीतरी तिथे असतोच आणि त्याच्या तोंडून आलेला आकडा पडद्यावरच्या आकड्यापेक्षा खरा वाटतो. मग परतीचं बटण, पुन्हा पहिली स्लाईड, आता थांबणार. तिथे शिफारस येते: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरणी, आणि बियाणं तीन ते पाच सेंटीमीटरपेक्षा खोल नको. हीच शिफारस आधी सांगितली असती तर ती वर्षानुवर्षं ऐकलेली एक सूचना एवढीच राहिली असती.

थांबायचं ठरलं तर मधल्या दिवसांत करायचं काम म्हणून उगवण चाचणीची स्लाईड जोडा. ओल्या गोणपाटावर दहा ओळींत दहा-दहा असे शंभर दाणे मांडलेले, काही दिवसांनी कोंब फुटलेले, असा स्वतः काढलेला फोटो पडदाभर लावा आणि म्हणा, मोजा. अख्खी सभा मोजायला लागते. कुणी बासष्ट म्हणतं, कुणी चौसष्ट. सत्तर भरत नसेल तर एकरी ३० किलोनं पेरून चालेल का, हा प्रश्न मग तुम्हाला विचारावा लागत नाही. घरचं बियाणं ठेवणारी मंडळीच तो विचारतात.

पेरणीच्या या वळणाऱ्या स्लाईडा बनवायला अर्धा तास लागतो. स्लाईडवर चौकोन काढा, तो निवडून कंट्रोल आणि के दाबा, ‘प्लेस इन धिस डॉक्युमेंट’ निवडा आणि कुठल्या स्लाईडवर जायचं ती दाखवा. एवढं झालं की विसरली जाणारी एक गोष्ट करा. ट्रान्झिशन्समध्ये जाऊन ‘ऑन माउस क्लिक’ची खूण काढा. ती राहिली तर चौकोनाच्या बाहेर चुकून क्लिक झालं की भलतीच स्लाईड उघडते आणि उत्तर आधीच फुटतं. २०१९ चं किंवा त्यानंतरचं पॉवरपॉइंट असेल तर इन्सर्टमधलं झूम वापरा. एका स्लाईडवर सगळ्या विषयांची लहान चित्रं येतात, लोक म्हणतील त्या चित्रावर क्लिक करायचं आणि तो भाग संपला की आपोआप परत मुख्य स्लाईडवर. सभेच्या सुरुवातीलाच ‘आज आधी काय घ्यायचं, बियाणं, तण की पीक विमा?’ असं विचारून त्या क्रमानं गेलात की लोकांना सभा आपली वाटते. बहुतेक वेळा ते विमा म्हणतात, आणि तुम्ही तो शेवटी ठेवलेला असतो.

स्लाईड चालू असताना उपयोगी पडणारी तीन बटणं बोटांना शिकवून ठेवा. बी दाबलं की पडदा काळा होतो आणि सगळ्यांचे डोळे तुमच्याकडे वळतात, चर्चा चालू असताना हे जरूर करा. स्लाईडचा क्रमांक आणि एंटर दाबलं की थेट त्या स्लाईडवर, कुणी मागचं विचारलं तर पंधरा वेळा मागे यावं लागत नाही. कंट्रोल आणि पी दाबलं की माउसचा पेन होतो, त्या गोणपाटावर मोजलेला प्रत्येक कोंब त्यानं टिपता येतो.

ज्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे तिथे सभेच्या आदल्या संध्याकाळी त्यात पोल टाका. २०२२ च्या अखेरीपासून ही सोय आली आणि त्यात बारा पर्यायांपर्यंत देता येतात. रेंज मिळेल तेव्हा लोक उत्तर देतात आणि सकाळी तुमची पहिली स्लाईड गावाच्याच उत्तरांनी सुरू होते. पण ग्रुपमध्ये कुणी काय मत दिलं हे सगळ्यांना दिसतं, हे विसरू नका. पेरणीची तारीख विचारा, कर्ज किती आहे ते विचारू नका.

विज्ञान आणि गणिताच्या शिक्षकांसाठी आणखी एक. कोलोरॅडो विद्यापीठात २००२ मध्ये नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेल्या फेट या प्रकल्पात विजेचे परिपथ, घर्षण, अपूर्णांक अशी हलवून पाहायची चित्रं आहेत. बरीच मराठीतही आहेत आणि उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. गणितासाठी जिओजेब्रा आहे. दोन्हींची लिंक स्लाईडवर ठेवा, पण उघडण्याआधी थांबा. दुसरा बल्ब जोडला तर पहिला मंद होईल, तसाच राहील की विझेल? उत्तरं गोळा झाल्यावरच स्विच दाबा. नाहीतर तेही सिनेमासारखं बघितलं जातं.

प्रश्न तयार करायला हल्ली कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनं हाताशी आहेत. विषय दिला की दहा प्रश्न मराठीत मिळतात. मी वापरतो, पण पर्याय मात्र स्वतः लिहितो. यंत्रानं दिलेले चुकीचे पर्याय कुणी निवडावेत असे नसतात, ते उघड चुकीचे दिसतात. खरे चुकीचे पर्याय तुमच्या मुलांच्या तपासलेल्या वह्यांत पडलेले आहेत, सभेत वर्षानुवर्षं ऐकलेल्या समजुतींत आहेत. ‘पाऊस पडला की पेरायचं’ हा पर्याय मला कुठल्याही यंत्रानं दिला नसता.

आणि किती प्रश्न? नारदीय कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंग सुरू होण्याआधी नामाचा गजर होतो, बसलेला प्रत्येक माणूस तोंड उघडतो, टाळी वाजवतो आणि मग पुन्हा ऐकायला तयार होतो. तासाभराच्या बोलण्यात मी असे चार-पाच थांबे ठेवतो, आठ-दहा मिनिटांनी एक. त्याहून जास्त केले की लोक प्रश्नांनाच कंटाळतात.

शेवटी लाईटचं. ती जाणार हे धरूनच तयारी करा. माझ्या पिशवीत एका रबरबँडमध्ये बांधलेले लाल, हिरवे आणि पिवळे घोटीव कागदाचे शंभर-शंभर तुकडे असतात. नांदेड जिल्ह्यातल्या एका गावात सोयाबीनच्या पहिल्याच प्रश्नाला प्रोजेक्टर विझला. मी प्रश्न तोंडानं सांगितला, कागद वाटले आणि म्हटलं, पेरणार असाल तर हिरवा, निम्मं तर पिवळा, थांबणार तर लाल. सत्तरेक हात वर गेले. कृषी सहायक ओटीवरून मोजत गेले आणि शाळेतली एक मुलगी खडूनं भिंतीवरच्या फळ्यावर तीन स्तंभ काढत गेली. हिरवा एकेचाळीस, पिवळा अठरा, लाल अकरा. मागच्या रांगेतले एक आजोबा लाल कागद तसाच वर धरून उठले आणि मागच्या वर्षी आपलं कसं झालं ते सांगायला लागले. लाईट आली तेव्हा त्यांचं बोलणं चालू होतं, म्हणून मी बी दाबून पडदा काळाच ठेवला.